तीनदा उत्तर आलं नाही तर

“ह्या चार सॉकेटांत दुसरं काही लावायचं नाही हं, लतिका. मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही.” यतीनने हे बजावलं तेव्हा ती आन्याचा हरवलेला मोजा शोधत होती. “हो रे बाबा,” म्हणाली आणि विसरून गेली.

अमेरिकेत, श्रूजबरीच्या त्या भाड्याच्या घरात इंटरनेटचा मोडेम दिवसातून एकदोनदा तरी मान टाकायचा. लतिकाने ऑफिसात फोन करायचा, “नेट गेलं.” यतीनने सांगायचं, “वायर उपट, मिनिटभर थांब, परत लाव.” शेवटी वैतागून त्याने एका जुन्या कॉम्प्युटरला पहाऱ्यावर बसवलं. तो दर मिनिटाला बाहेरच्या जगाला विचारायचा, आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही, की यूपीएसला, म्हणजे मोडेम ज्यात लावला होता त्या बॅटरीच्या खोक्याला, हुकूम सोडायचा आणि यूपीएस मिनिटभर त्या चारही सॉकेटांची वीज तोडायचा. मग मोडेम, राउटर सगळी आपोआप ताळ्यावर.

“माणसाने जागचं उठायलाच नको,” यतीन ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला होता.

बुधवारी सकाळी दहा वाजता लतिका खाली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. पलीकडे ड्रायर धडधडत होता. वरच्या खोलीत आठ महिन्यांची आन्या झोपली होती, आणि तिथला आवाज पोचवणाऱ्या बेबी मॉनिटरचा इकडचा डबा लतिकाच्या एप्रनच्या खिशात होता. कानाशी इंटरनेटचा फोन. नागपूरला रात्रीची जेवणं आटोपली होती, त्यामुळे आई निवांत होती.

“तीन दिवस झाले, बघ. सकाळी झोपली की दोन-दोन तास हूं नाही की चूं नाही,” लतिका म्हणाली.

“एवढी? तू तर अर्ध्या अर्ध्या तासाला उठायचीस.”

“शहाणी आहे माझी पोर. तुझ्या पोरीसारखी नाही.”

“बरं बरं. आणि तिचा घसा?”

“बसलेलाच आहे अजून. काल ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. ताप नाही, सर्दी नाही, कशाने बसला कोण जाणे.”

“अगं, मग एकदा...”

आणि फोन गेला.

लतिकाने हातातली सुरी खाली ठेवली. पूर्वी तिने मोबाइल उचलून यतीनला गाठलं असतं. आज तिला वेगळंच सुचलं. महिना झाला हे यंत्र आन्याच्या खोलीत बसून, पण ते काम करताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. आत्ता वर गेलं तर दिसेल. दिवे आधी कुठले जातात? सगळे एकदम, की एकेक करून? यूपीएस काही आवाज करतो का? खरं तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं एवढंच होतं. आन्या उठू नये म्हणून तिने सपाता जिन्याखाली काढून ठेवल्या, फोन तसाच हातात धरला आणि पायमोज्यांनी दबकत वर चढली.

सहाव्या पायरीवर ती थांबली. ड्रायरच्या धडधडीवर, वरून, काहीतरी बारीक ऐकू येत होतं.

तिने खिशातला डबा काढून कानाला लावला. डबा गप्प होता. हिरवा दिवा मात्र लागलेला.

दार उघडलं तर आन्या क्रिबचा कठडा धरून उभी होती. तोंड लालभडक, अंगातलं झबलं छातीपर्यंत ओलं. ती जीव तोडून रडत होती, पण आवाज फुटत नव्हता, नुसती हवा निघाल्यासारखा घोगरा सूर येत होता. हातभर अंतरावर आई, आणि आईच्या हातातला डबा अजूनही गप्पच.

लतिकाने तिला उचलून खांद्यावर घेतलं. क्रिबपलीकडच्या टेबलाखाली तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि मोडेमवरचा पहिला दिवा लागला. मग दुसरा. मग राउटरचे लुकलुकायला लागले. जे बघायला ती आली होती ते सगळं तिच्यासमोर घडत होतं. चौथ्या सॉकेटात बेबी मॉनिटरचा दुसरा, आन्याचा आवाज खाली पाठवणारा डबा होता. तो तिनेच लावला होता, रविवारी. बर्फाचं वादळ येणार असं टीव्हीवर सांगत होते. लाइट गेली तरी यूपीएसला बॅटरी आहे, म्हणजे निदान आन्याचा आवाज तरी खाली येत राहील, असा विचार करून. घरातलं सगळ्यात भरवशाचं सॉकेट तिने लेकीला दिलं होतं.

त्या डब्याचा दिवा लागला नाही. एकदा वीज गेली की तो बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे.

सोमवार, मंगळवार, बुधवार. लतिका उभ्या उभ्या मोजत राहिली. दोन-दोन तास. ओव्याची पुरचुंडी.

हातातला फोन वाजला. “काय गं, मध्येच कुठे गेलीस?” आई म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज बदलला. “पोरगी रडतेय का? अगं, केवढा बसलाय घसा! कधीपासून रडतेय ती?”

आन्याने लतिकाच्या मानेत तोंड खुपसलं होतं आणि एप्रनचा पट्टा मुठीत गच्च धरला होता.

तेव्हापासून लतिका प्रत्येकाला एकच सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमच्याकडे आत्ता आतल्या खोलीत कुणी निजलं असेल आणि घर अगदी शांत असेल, तर हे पान खाली ठेवा. उठा, आणि एकदा बघून या.