फोनवरची लपाछपी

एकीची कात्री हरवली आणि एकाच दुकानात शिवणाऱ्या दोघींची जुंपली. "पोरीची शपथ, मी नाही घेतली!" दुसरीने ठणकावलं. कात्रीवाली बिऱ्हाड उचलून परगावी गेली. दोघींच्या पोरींना मात्र एकमेकींवाचून घडीभर करमेना, म्हणून दोघी आया नाक मुरडत दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. आपसात चकार शब्द नाही. आज फोनवर लपाछपी रंगली. राज्य तिकडच्या पोरीवर, म्हणून इकडची आई फोन धरून घरभर फिरत होती. "मावशी, आता कपाट उघड!" हिचा हात थबकला. "तिथे नाहीये गं ती." कपाटातून खुसखुस ऐकू आली. तिकडून वर्षभराने कात्रीवालीचा कडवट आवाज आला, "पोरगी गुदमरेल, बये! उघड!" दातओठ खात हिने दार ओढलं. आत लेक खिदळत बसली होती. हातातली कात्री फोनसमोर नाचवत ती ओरडली, "मावशी, तुझी कात्री सापडली!"