बंड्याची परीक्षा

चंद्रप्रकाशने छत्रीचं टोक कुत्र्याच्या नाकावर टेकवलं आणि दाबलं.

बंड्या हलला नाही. आवारात पाण्याच्या टाकीशेजारी सुगंधाने त्याला बसवलं होतं, तिथेच तो बसून राहिला. घशात गुरगुर सुरू झाली तशी सुगंधाने नुसतं "अंहं" केलं. गुरगुर थांबली. मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत रविवारी सकाळी सगळे घरीच होते आणि सगळे गॅलरीत उभे होते.

"अजून काय पायजे तुम्हाला?" फ्रेडी म्हणाला.

फ्रेडी मरोळच्या गावठाणातून लूनावर यायचा. लोकांच्या घरी जाऊन कुत्री शिकवणं हा त्याचा धंदा. पहिल्याच दिवशी त्याने सुगंधाला सांगून टाकलं होतं, "बाय, मी कुत्र्याला कमी शिकवणार, तुला जास्त. मी आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस तुझे. शब्द एकदाच बोलायचा. ओरडायचं नाय. मारायचं तर नायच." सुगंधाचा नवरा मस्कतला होता. घरात ती आणि बंड्या. उन्हाळाभर ती कामावरून आली की पर्स ठेवून त्याला खाली आणायची आणि तेच शब्द घोटायची. बस. थांब. चल.

सोसायटीने अटच घातली होती. कुत्रा शिकवून आण, सेक्रेटरीसमोर परीक्षा दे, तरच ठेव. कारण बंड्याने सेक्रेटरीचा, म्हणजे चंद्रप्रकाशचाच, लेंगा फाडला होता. भर दुपारी, सुगंधाच्या दारात. मीटिंगमध्ये कुत्र्याच्या दातांवर पुष्कळ बोलणं झालं. सेक्रेटरी त्या वेळी तिच्या दारात कशासाठी उभे होते आणि 'जा' म्हटल्यावर गेले का नाहीत, हे कोणी विचारलं नाही. सुगंधाने सांगायला तोंड उघडलं तर कोणीतरी गच्चीच्या गळतीचा विषय काढला.

चंद्रप्रकाशने आता छत्री बंड्याच्या तोंडासमोर फाडकन उघडली.

बंड्याचे कान मागे गेले. पुढचे पाय थरथरले. त्याने छत्रीकडे पाहिलंच नाही, सुगंधाकडे पाहिलं. ती 'चल' म्हणाली असती तर तो उठला असता. उठून त्याने काय केलं असतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

चंद्रप्रकाशने छत्री मिटली.

"आज बसला," तो गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "उद्या कोणाच्या पोराला फाडलं तर हा लूनावाला भरून देणार आहे का? महिनाअखेर कुत्रा बाहेर. नाहीतर मी म्युनिसिपालिटीची गाडी बोलावतो."

"अट काय ठरली होती?" सुगंधाने विचारलं.

"अट मी घातली, मीच मोडली. काय करणार? एकट्या बाईने जरा नीट राहावं."

वर कोणीतरी हसलं. फ्रेडी पुढे झाला, तसा सुगंधाने हात आडवा धरला. "तुम्ही निघा, फ्रेडी. तुमचं काम चोख झालंय."

चंद्रप्रकाश घरात गेला. त्याला घाटकोपरला लग्नाला जायचं होतं.

तळमजल्यावर पहिलंच दार त्याचं. सुगंधा बंड्याला घेऊन जिन्याशी आली, आणि वर न जाता त्या दारासमोर थांबली. पायपुसण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बस." बंड्या बसला. "थांब." तिने त्याच्या गळ्यातली साखळी सोडली, हाताला गुंडाळली आणि जिना चढून आपल्या मजल्यावर गेली.

थोड्या वेळाने सफारी घातलेल्या चंद्रप्रकाशने दार उघडलं. लगेच लोटून घेतलं. फट तेवढी ठेवली.

"सुगंधाबाई, कुत्रा न्या तुमचा."

ती कठड्यावरून वाकली. "शिकवलेला आहे. तुम्हीच तपासलात."

"मला बाहेर पडायचंय."

"पडा की. काही करत नाही तो."

"पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. काय सांगाल? बसलाय म्हणून?"

गॅलरीतली माणसं एव्हाना जिन्यात जमली होती. या वेळी कोणी हसलं नाही. कोणी खालीही उतरलं नाही. बंड्या फटीकडे बघत होता, तोंड मिटून.

मग दार सताड उघडलं. ते चंद्रप्रकाशने उघडलं नव्हतं. त्याची बायको जया बाहेर आली. जरीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात आहेराची पिशवी.

"जया, आत ये," तो म्हणाला. "चावेल तो."

जयाने निऱ्या मुठीत धरल्या आणि बंड्याच्या बाजूने, त्याची शेपटी चुकवून, पलीकडे पाऊल टाकलं. बंड्याने साडीचा काठ हुंगला आणि तोंड फिरवलं. जयाने चपला घातल्या. एक बक्कल लागत नव्हतं, ते वाकून नीट लावलं.

"त्या दुपारी तुम्ही मला बँकेत जातो म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याने जिन्यातल्या माणसांकडे पाहिलं. माणसं त्याच्याकडेच बघत होती.

जया गेली. फाटकाची कडी वाजली. मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो लांब गेला.

चंद्रप्रकाशने पॉलिश केलेल्या बुटातला एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला. बंड्याने त्या पायाकडे पाहिलं. मग मान वर करून जिन्याकडे पाहिलं, आणि कान टवकारून वाट बघत राहिला.

चंद्रप्रकाशने पाय आत घेतला.