छातीतलं कण्हणं

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात कानोता गावची धापूबाई छातीत कळ येते म्हणून जयपूरच्या इस्पितळात आली. डॉ. श्रीपाद टिल्लूंनी तिला न तपासताच हाकललं. "नाटक मत कर, घर जा!" तिने व्हरांड्यातच प्राण सोडला.

दुसऱ्या दिवसापासून टिल्लू ज्या रोग्याच्या छातीला नळी लावत, त्याच्या आत धापूबाई कण्हत असे. तान्ह्या बाळाच्या छातीतही तीच. त्यांनी स्टेथोस्कोप बदलून पाहिला, पण कण्हणं थांबेना.

शेवटी घामाघूम होऊन ते सहकारी डॉ. वासंतीबाईंसमोर बसले. "माझी छाती तपासा हो. मला काहीतरी झालंय."

वासंतीबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग दचकून मागे सरल्या.

"श्रीपादराव, तुमचे ठोके ऐकूच येत नाहीत," त्या पुटपुटल्या. "आत कुणीतरी बाई हसतेय."