पहिलं खोकं

माल बंदरावर अडवलाय, म्हणजे ‘होल्ड’, हा शब्द नीनाने फोनवर उच्चारला आणि मालविका इंग्लंडमधल्या स्लाऊच्या भाड्याच्या गोडाउनमध्ये, रिकाम्या रॅकसमोर मटकन खाली बसली.

नीना तिची क्लिअरिंग एजंट, कस्टममधून माल सोडवून देणारी. तिने शांतपणे सांगितलं, की सावंतवाडीहून आलेल्या लाकडी खेळण्यांचं पहिलंच खोकं बंदरावर उघडलं, तर आत पेढ्यांचा डबा निघाला. भारतातून आलेला दुधाचा पदार्थ, ज्याला इथे बंदीच, तोही यादीत न लिहिलेला. आता कस्टमवाले दोनशेच्या दोनशे खोकी उघडून तपासणार. तेवढ्यात ख्रिसमस उलटून जाईल आणि दुकानांच्या ऑर्डरी रद्द होतील.

मालविकाला रडूच फुटलं. चांगली नोकरी सोडून आठ महिने तिने या नियमांत डोकं घातलं होतं. आयातदाराचा नंबर, मालाचा कोड, खेळण्यांच्या सुरक्षिततेची टेस्ट, खोकी रचायच्या लाकडी पॅलेटवरचा कीड मारल्याचा शिक्का. एकेक कागद मंजूर झाला, की ती कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून पेढे आणायची, लॅपटॉपला हळदकुंकू लावायची, समोर पेढा ठेवायची आणि मगच पुढचा फॉर्म उघडायची. हात आपसूक चालायचे. तिचा नवरा गिरीश चिडवायचा, “याचा कोड शोधलास का?”

ऑगस्टमध्ये तर बारा तारखेच्या विमानाने ती सावंतवाडी गाठून पॅकिंगही बघून आली होती. कारागीर ज्ञानेश्वरकाकांना तिने तीनतीनदा बजावलं होतं, यादीबाहेरची काडीसुद्धा नको.

तिने डोळे पुसले आणि काकांना फोन लावला.

“काका, पहिल्या खोक्यात पेढे कुणी ठेवले?”

पलीकडून पॉलिशपेपर घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“चूक झाली, ताई. खोकं बंद करताना मी बोलायला हवं होतं.”

मग मालविकाचा तोल सुटला. हा धंदा आहे, सत्यनारायण नाही, असलं देवभोळेपण इथे चालत नाही, असं ती बरंच काही बोलली. पुढची ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला जाईल, हेही सांगून टाकलं. काकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. खेळणी तरी धड परत मिळतील ना, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

तिला जरा हलकं वाटलं. निदान दोष कुणाचा ते ठरलं होतं.

तासाभराने नीनाचा ईमेल आला. तपासणीचे फोटो, फाइलला लावण्यासाठी. मालविकाने पहिला उघडला.

लाकडी बैलगाड्यांच्या मधोमध पुठ्ठ्याचा डबा नीट बसवलेला होता. झाकणावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती आणि त्यांच्याखाली कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं हिरवं लेबल होतं, स्लाऊ, अकरा ऑगस्ट.