पाठीवर हात पडेपर्यंत

“पंच, तिला खो मिळाला होता. मी माझ्या कानांनी ऐकलाय,” म्हणत संघाच्या प्रशिक्षक नलूताई तावातावाने मैदानाच्या रेषेपर्यंत गेल्या. जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकायला एकच गडी बाद करायचा उरला होता, आणि चैत्राली खो मिळायच्या आधीच उठली म्हणून पंचांनी फाउल देऊन तिला परत बसवलं होतं.

पूर्वी ती खरंच तशी उठायची. पळणारी मुलगी समोरून गेली की हिला धीर म्हणून निघायचा नाही, आणि चुकलं की लगेच रडू. म्हणून नलूताईंनी तिला सरावाआधी चौकोनात नुसतं बसवायला सुरुवात केली. डोळे मिटायचे, तळहात मातीवर टेकायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. बाकीच्या पोरी खुदुखुदु हसायच्या. ही मात्र उन्हाळाभर बसली आणि हळूहळू निवळली.

आता पंच ऐकेनात, तसा नलूताईंचा आवाज चढत गेला. रांगेतल्या मुली खेळ सोडून त्यांच्याकडेच बघायला लागल्या. चैत्रालीनेही पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. तिने तळहाताने मातीवर हलकेच थोपटलं.

नलूताई बोलता बोलता थांबल्या. होत्या तिथेच खाली बसल्या, दोन्ही हात मातीवर टेकले आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने “खो” असा खणखणीत आवाज आला आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. तरी त्या हलल्या नाहीत. पाठीवर चैत्रालीचा हात पडला, तेव्हाच उठल्या.