पायाखालचा ऑर्गन

संगीत माणसाला मुक्त करतं, असं म्हणत वाटूरच्या राजानंद सरांनी दाराला आतून कडी घातली. त्यांच्या प्रीतीला पाहायला आलेला संपत आत अडकला. ऑर्गनवाल्या एकाच सिम्फनीची चार रेकॉर्डिंगं ब्लूटूथ स्पीकरवर ऐकायची आणि सगळ्यांत भारी कोणतं ते सांगायचं, तरच होकार.

"तिसरं, सर," संपत घाम पुसत म्हणाला. "फरशी हादरून राह्यली ना!"

"बराबर! ऑर्गन असा पायातून चढला पाहिजे. बाकीच्यांत ती बात न्हाई. जावईबापू, लग्न पक्कं!"

सरांनी खुशीत तिसरं पुन्हा लावलं. तेवढ्यात लाइट गेली. स्पीकर बॅटरीवर वाजतच राहिला, फरशी तेवढी हादरायची थांबली.



खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी आहे.