सोबतीला सूनबाई

वडिलांची दृष्टी गेल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. "मत द्यायला सोबत कोण येणार?" असं केंद्रावर विचारताच ते म्हणाले, "सूनबाई येईल."

मुलानं चमकून बायकोकडे पाहिलं. अख्खी गल्ली वर्षानुवर्षं एका पक्षाची, अन् त्याची बायको तेवढी दुसऱ्या पक्षाची. सासऱ्यांशी रोज जेवताना तावातावानं वाद घालणारी.

दोघं बाहेर येताच त्यानं वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, तुम्ही सांगितलेलंच बटण दाबलं असेल ना हिनं?"

वडील खुदकन हसले. "अरे, आतसुद्धा 'बाबा, अजून एकदा विचार करा' म्हणून माझ्या कानाशी लागली होती. फसवायचंच असतं, तर मला समजावत कशाला बसली असती?"